बाळाचं पहिलं फोटोशूट: आधी कुणाचे कपडे ठरवायचे?

प्रश्न: आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. यंदा त्याची पहिली संक्रांत, त्यामुळे घरी बोरन्हाण आहे आणि त्याच आठवड्यात सगळ्या कुटुंबाचं फोटोशूट ठरवलं आहे. आम्ही दोघं, बाळ, पाच वर्षांची मोठी मुलगी आणि सासू-सासरे. शूट पुण्यात, थोडं घरी आणि थोडं टेकडीवर. नवऱ्याला वाटतं, सगळ्यांनी पांढरा शर्ट आणि जीन्स घालावी. सासूबाईंना त्यांची मोरपंखी इरकल नऊवारीच नेसायची आहे. मला ऑनलाइन मिळतो तो एकाच कापडाचा ‘फॅमिली सेट’ आवडला आहे. काय करावं? बाळाला काय घालावं?

उत्तर:

सासूबाईंचं ऐका. त्यांची इरकल ठरली असं धरून चाला आणि बाकी सगळ्यांचे कपडे त्या लुगड्याशी जुळवून घ्या.

हे मी मान राखायचा म्हणून सांगत नाही. कुटुंबाच्या फोटोत कपडे ठरवायची सुरुवात नेहमी अशा माणसापासून करावी, ज्याचा कपडा बदलणं अवघड आहे. तुमच्या घरात अशी दोन माणसं आहेत. एक सासूबाई, कारण जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला जीन्सच काय, साधा कुर्ता घालून उभं केलं तरी ती अंग चोरून उभी राहते आणि फोटोत नेमकं तेच दिसतं. दुसरं बाळ, कारण त्याला टोचलं, आवळलं किंवा उकडलं की ते रडणार आणि शूट तिथेच थांबणार. या दोघांचं आधी ठरवा. तुम्ही दोघं तरुण आहात, तुम्हाला काहीही चालेल, म्हणून तुमचं शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आईची साडी आधी घेतली जाते, मग बाबांचा कुर्ता, मग मुलांचं, आणि आजी-आजोबांना आदल्या दिवशी फोन जातो, ‘तुमच्याकडे गुलाबी काही आहे का?’

आता पांढरा शर्ट आणि जीन्स. स्टुडिओत पांढऱ्या पडद्यासमोर, तरुण जोडपं आणि बाळ एवढेच असतील तर ते छान दिसतं. सहा माणसांत आणि उघड्यावर मात्र नाही. पांढरा रंग फोटोत सगळ्यात आधी नजर ओढतो. सहा पांढरे शर्ट म्हणजे सहा मोठे उजळ ठिपके, आणि त्यांच्यावर चेहरे जरा काळवंडलेले. याचं कारण साधं आहे. कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी काढून ती मधल्या करड्या छटेवर आणू बघतो. समोर पांढरं जास्त असलं की तो फोटो गडद करतो आणि त्यात आपली गव्हाळ, सावळी कातडी आणखी गडद होते. फोटोग्राफर हे हाताने दुरुस्त करतो, पण मग शर्टाच्या सुरकुत्या-शिवण सगळं उडून नुसता पांढरा पत्रा उरतो. शिवाय पांढऱ्या शर्टातल्या बाबांच्या छातीशी पांढऱ्या झबल्यातलं बाळ धरलं की बाळ कुठे सुरू होतं तेच कळत नाही.

एकाच कापडाच्या सेटचा घोळ जरा वेगळा आहे. दुकानाच्या फोटोत ते कुटुंब एकमेकांपासून हातभर अंतर राखून उभं असतं. तुम्ही तशा उभ्या राहणार नाही. खऱ्या शूटमध्ये आजीच्या मांडीवर नात, आईच्या कडेवर बाळ, बाबांचा हात सगळ्यांच्या मागून, असे सगळे एकमेकांना बिलगलेले असतात. सगळ्यांच्या अंगावर एकच छापा असला की त्या बिलगण्याचा एक मोठा छापील पट्टा होतो. कुणाचा हात कुठे संपला, कुणाची मांडी कुठली, काही उमगत नाही. आणि त्या सेटमधलं बाळाचं माप बहुतेकदा कागदावरचंच असतं. आत जाळीचं अस्तर, मागे चेन, मानेशी टोचणारं लेबल. तुम्हाला एकसारखेपणाची हौस असेल तर ती बहीण-भावंडात पुरवा. मुलीचं परकर-पोलकं आणि बाळाचं झबलं एकाच कापडातून शिवून घ्या. दोन लहानग्यांच्या अंगावर एकच कापड खूप गोड दिसतं, सहा जणांच्या अंगावर गणवेश वाटतो.

मग जुळवायचं कसं? सासूबाईंचं लुगडं पलंगावर उलगडून ठेवा आणि बघा, त्यात किती रंग आहेत. अंग मोरपंखी, काठ लाल-डाळिंबी, पदराच्या टोपात लाल आणि पांढरा. म्हणजे तुमचे रंग तिथेच मिळाले. मोरपंखी, डाळिंबीच्या आसपासचे गडद लाल, आणि पांढऱ्याच्या जागी मोतिया किंवा बदामी. या तीन कुळांतच सगळ्यांनी फिरायचं. मोरपंखी मोठ्या प्रमाणात एकट्या सासूबाईंच्या अंगावर राहू द्या. बाकीच्यांकडे तो फार तर काठापुरता, रुमालापुरता यावा.

तुमच्यासाठी मी आमसुली सुती किंवा मऊ सिल्कची साडी सुचवेन. डाळिंबी आणि राणी हे रंग तुमच्या डोळ्यांसमोर येत असतील, पण बाळ तुमच्याच अंगाशी सगळ्यात जास्त वेळ असणार आहे, म्हणून ते टाळा. भडक कापडावर उजेड पडला की तो त्याच रंगात रंगून परत फिरतो आणि जवळच्या कातडीवर पडतो. राणी रंगाच्या साडीला टेकलेल्या बाळाच्या हनुवटीखाली आणि गालाच्या खालच्या बाजूला गुलाबी डाग दिसतो, पोपटीला टेकलेलं बाळ आजारी दिसतं. लोक ज्याला रेडियम कलर म्हणतात, ते झगझगीत पोपटी-नारिंगी-गुलाबी तर सगळ्यांनीच घरी ठेवा. बाळाच्या कातडीवरचा असा डाग नंतर संगणकावर काढायला गेलं की गालाची खरी लालीही त्याच्याबरोबर जाते. आमसुली गडद आहे, उजेड गिळतो, परत फारसा फेकत नाही. त्याच्यासमोर मोतिया झबल्यातलं बाळ स्वच्छ उठून दिसेल. भडक लाल आणि राणीची आणखी एक खोड आहे. डिजिटल कॅमेऱ्यात हे रंग लवकर भरून वाहतात, मग साडीच्या निऱ्या, चुण्या दिसेनाशा होऊन नुसता रंगाचा गोळा उरतो.

तुमच्या नवऱ्याला बदामी किंवा मातकट करडा कुर्ता द्या, जीन्स हवीच असेल तर खाली गडद निळी, न फाटलेली. त्याने काही बिघडत नाही आणि त्याचं मनही राहतं. सासरे सदरा-धोतर किंवा सदरा-पायजमा घालत असतील तर घालू द्या, पण नीळ दिलेला कडक पांढरा सदरा सावलीत निळसर चमकतो. धुऊन धुऊन मऊ झालेला, किंचित पिवळट पडलेला जुना सदरा काढायला सांगा आणि वर आमसुली किंवा गडद निळं जाकीट. टोपी घालत असतील तर टोपी जरूर, तिच्याशिवाय नातवाला पुढे आजोबा ओळखू येणार नाहीत. मुलीला डाळिंबी खणाचं परकर-पोलकं, काठ मोरपंखी मिळाला तर सोन्याहून पिवळं. ती पाच वर्षांची आहे, पळणार, म्हणून परकर घोट्याच्या वर चार बोटं असू द्या, म्हणजे अडखळणार नाही.

जागेचा रंगही विचारात घ्या. जानेवारीत पुण्याच्या टेकड्या वाळलेल्या गवताने सोनेरी-तपकिरी झालेल्या असतात. तिथे मोहरी, हळदी, खाकी, तपकिरी घातलं की माणूस गवतात विरून जातो. मोरपंखी आणि आमसुली त्या गवतावर सुरेख उठतात. तुमच्या सासूबाईंनी नकळत टेकडीला साजेसाच रंग निवडलाय. हेच शूट श्रावणात असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा सगळीकडे हिरवंगार, त्यामुळे मोहरी, अबोली, पांढुरका हे रंग खुलतात आणि मोरपंखी त्या हिरव्यात बुडतो. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं ऑक्टोबरच्या पानगळीत शूट करतात, त्यांनाही मी निळी, जांभळी, वांगी रंगाची साडी सुचवते. मागे सगळी झाडं केशरी-पिवळी झालेली असताना केशरी पैठणी फुकट जाते.

टेकडीवर जाण्याआधी शूटला परवानगी लागते का, हे फोटोग्राफरला विचारून ठेवा. आणि वेळ सकाळची असेल तर साडेआठनंतरची घ्या. पुण्यात या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि पहिला तासभर गारठा असतो. आठ महिन्यांच्या बाळाला त्या थंडीत पातळ झबल्यावर बसवू नये. दुपारी साडेचारनंतरचं ऊनही तितकंच मऊ असतं. बाळाची झोप कधी होते त्यावर ठरवा. झोप आणि पोट दोन्ही झालेलं बाळ कुठल्याही कपड्यात सुंदर दिसतं.

आता बाळ. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

आठ महिन्यांचं बाळ बसतं. आपण मात्र त्याचे कपडे निजवून बघतो. निजलेल्या बाळावर बंदगळ्याचा कुर्ता, वरून जाकीट, अगदी छोटा नवरदेव दिसतो. तेच बाळ बसवा. बाळाला मान अशी नसतेच, हनुवटीखाली थेट छाती. बसल्याबरोबर कुर्ता पोटाशी फुगतो, गळा वर सरकतो आणि कॉलर ओठांना लागते. बाळ ती चोखायला लागतं. पाच मिनिटांत गळा ओला, रंग गडद, आणि प्रत्येक फोटोत बाळाची हनुवटी गायब. म्हणून कॉलर नको, बंदगळा नको, जाकीट नको. बाळंतविड्यातलं बांधायच्या नाड्यांचं झबलं, अंगरखा किंवा साधा गोल गळ्याचा सुती सदरा, यापलीकडे जाऊ नका. समोरून उघडणारं असलं तर उत्तम, डोक्यातून घालायचं कापड ओढताना बाळ एकदा बिथरलं की पुढची वीस मिनिटं गेली.

मापाच्या लेबलवर विश्वास ठेवू नका. शूटच्या दोन-तीन दिवस आधी डायपरसकट सगळं घालून बाळाला बसवा, रांगू द्या, कडेवर घ्या, आणि मागून-पुढून बघा. पांढऱ्या किंवा मोतिया पातळ धोतरातून डायपरवरची चित्रं स्पष्ट दिसतात. त्या दिवसापुरता साधा पांढरा डायपर घ्या किंवा वर एक मऊ सुती चड्डी चढवा. धोतराचं इलॅस्टिक सैल करून घ्या. इलॅस्टिकचे वळ बाळाच्या कातडीवर चांगला अर्धा तास राहतात, आणि मोज्यांचेही. उघड्या पायांचे फोटो हवे असतील तर निघतानाच मोजे काढा, गाडीत पाय दुपट्यात गुंडाळा. डोक्याला बांधायचे ते फुलाफुलांचे पट्टे मुलींना सर्रास घालतात. मला ते पटत नाहीत, कपाळावर लाल रेघ उमटते आणि बाळाचं सगळं लक्ष तो पट्टा ओढण्यात जातं.

थंडीसाठी आणि फोटोसाठी दोन्हीकडून चालणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे कुंची. टोपऱ्यापासून पाठीवर खाली सुटणारी, खणाची, कडेने जरीची किनार लावलेली. बारशाच्या वेळी शिवलेली असेल तर आता आठव्या महिन्यात जरा आखूड झाली असेल, तरी चालेल. समोरून बाळाचा चेहरा त्या खणाच्या चौकटीत मावतो आणि बाकी कुठलीच सजावट लागत नाही. आत मऊ सुती अस्तर आहे ना, तेवढं बघा. आजीने विणलेला स्वेटर असेल तर तोही आणा. लोकरीचा विणकाम दाखवणारा पोत फोटोत इतका छान येतो की महागडी शेरवानी त्याच्यापुढे फिकी पडते. स्वेटरच्या आत पातळ सुती बंडी हवीच.

ट्रंकेतले जुने कपडे बाळाला घालायचा विचार असेल, म्हणजे बाबांचं झबलं किंवा पणजीच्या साडीचं दुपटं, तर अगदी जरूर घाला. अशा कपड्यांना मी नेहमी पहिली पसंती देते. पण त्यात डांबरगोळ्या ठेवलेल्या असतील तर ते कपडे तसेच बाळाच्या अंगाला लावू नका. नॅप्थॅलीन तान्ह्या बाळांना घातक असतं. ज्या बाळांना जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, आणि पुष्कळदा घरच्यांना ही कमतरता माहीतच नसते. आठवडाभर आधी कपडे बाहेर काढा, दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण गेल्याशिवाय घालू नका. नव्या कपड्यांचंही तेच, खळ निघून जाईपर्यंत धुवा.

दागिने. वाळे, बिंदल्या, मनगट्या, करगोटा जरूर घाला, फक्त घुंगरू घट्ट आहेत का ते ओढून बघा, कारण सगळं तोंडात जाणार आहे. गळ्यातली साखळी फोटो निघेपर्यंत आणि तेही कुणीतरी हाताच्या अंतरावर असतानाच. झोपेत मुळीच नाही. काजळाची तीट गालावर किंवा कपाळावर असली तरी मला आवडते, फोटोतून ती पुसायला सांगू नका, पहिल्या वर्षाची ती खूण आहे. डोळ्यांत मात्र काजळ घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतातच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगते. तुम्ही बाळाला पाजत असाल तर तुमचा ब्लाउज पुढे हुकांचा हवा आणि पदर सहज घेता येईल असा हवा. जुने ब्लाउज आता बसत नसतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, शिंप्याकडे नेऊन आतली माया उसवून घ्या, बहुतेक ब्लाउजांत इंच-दीड इंच सहज मिळतो. फिक्या सिल्कवर दुधाचा ओला डाग लगेच उठतो, आमसुली सुतीवर दिसत नाही. तुम्हाला तो रंग सुचवण्याचं हेही एक कारण आहे.

साडीचा पदर डाव्या खांद्यावर येतो आणि बाळही बहुतेक जणी डाव्याच कडेवर घेतात. म्हणजे बाळाचा गाल नेमका पदराच्या काठावर टेकतो. तो काठ जरीचा असला की पाच मिनिटांत गालावर लाल चट्टा उठतो आणि बाळ मान फिरवून घेतं. आईला वाटतं बाळ चिडलंय, खरं तर त्याला जर टोचतेय. एका शूटमध्ये पैठणी नेसलेल्या आईच्या कडेवरचं बाळ सारखं मागे रेलत होतं. आजीने पुढे होऊन पदराचा काठ आत दुमडला आणि त्यावर बाळाचा मलमलचा लाळेरा पसरला, तेव्हा ते निवांत खांद्यावर डोकं टेकून बसलं. त्यामुळे पदराच्या निऱ्या अशा लावा की बाळाकडे साडीचं मऊ अंग येईल आणि काठ गळ्याच्या बाजूला जाईल. पिन खांद्याच्या मागच्या उतारावर, ब्लाउजच्या आतून लावा. बाळ हात घालेल अशा जागी एकही पिन नको. नथ दाबाची असली तरी बाळ कडेवर नसतानाच घाला. बाळ बाबांकडे असताना तुमचे नथीतले फोटो काढून घ्या आणि मग ती काढून ठेवा. काचेच्या बांगड्यांऐवजी त्या दिवसापुरत्या पाटल्या किंवा गोठ बरे. लांब मंगळसूत्र बाळ ओढतंच, त्या दिवशी आखूड घाला.

बारीक रेघा आणि बारीक चौकडी याबद्दल एक सूचना आहे, विशेषतः पुरुषमंडळींच्या शर्टांसाठी. दाण्याएवढी चौकडी असलेला शर्ट कॅमेऱ्यात लहरतो, कापडावर नसलेल्याच इंद्रधनुषी लाटा उमटतात. कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांची जाळी आणि कापडाची जाळी एकमेकींवर आल्याने तसं होतं. काही इरकल साड्यांच्या अंगात अशी बारीक चौकडी असते. तुमच्या सासूबाईंच्या लुगड्यात असेल तर फोटोग्राफरला आधी सांगा, अंतर किंवा लेन्स बदलून तो ते टाळू शकतो. त्यासाठी लुगडं बदलू नका. टिकल्या, आरसे, सिक्विन मात्र नकोत. फ्लॅशचा उजेड त्यांच्यावरून उडून बाळाच्या तोंडावर पांढरे ठिपके पाडतो.

सासऱ्यांचा चष्मा उन्हात काळा होणारा आहे का, ते बघा. असेल तर टेकडीवरच्या प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे झाकलेले येतील. घरात जुना साध्या काचांचा चष्मा असेलच, तो बरोबर घ्या. बाबांच्या कुर्त्याच्या खिशातला मोबाईल आणि मनगटावरचं काळं घड्याळ शूटपुरतं पिशवीत ठेवा.

आता बोरन्हाण. त्या दिवशीचे नियम वेगळे, कारण कपडे काळेच असणार. ऐन थंडीत काळं कापड ऊब धरतं म्हणून संक्रांतीला काळं, असं आपल्याकडे सांगतात. काळ्यावर पांढरा हलवा खुलतो, हे तर कुठलंही घर सांगेल. पण कॅमेऱ्याला हा दिवस कठीण जातो. पांढऱ्याचं सांगितलं त्याच्या बरोबर उलट इथे घडतं. समोर काळं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो उजळवतो आणि बाळाचा चेहरा व हलवा दोन्ही पांढरेफटक होतात. मोबाईलवर काढणार असाल तर पडद्यावर बाळाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा खाली ओढा. हलव्याचे दाणे सुटे सुटे दिसायला लागले की बरोबर.

सगळं घर काळं घालू नका. बाळ काळ्या झबल्यात आणि तुम्ही चंद्रकळेत, एवढं पुरे. दोन्ही काळी असली तरी बाळाच्या झबल्याला लाल किंवा सोनेरी किनार लावून घ्या, नाहीतर बाळ तुमच्या मांडीवर दिसणारच नाही. काळ्यातही खण, हातमाग असं पोत असलेलं कापड घ्या. सॅटिन चमकतं आणि मखमल इतका उजेड पिते की फोटोत नुसतं भोक दिसतं. बाकीच्यांनी फिकं किंवा मध्यम रंगाचं घालावं. बाळाच्या मागे गडद सोफा, गडद पडदा नको, कारण काळे केसही त्यात मिसळतात. फिक्या भिंतीपाशी, खिडकीच्या बाजूला पाट मांडा, ट्यूबलाइट बंद करा.

हलव्याचे दागिने बाळाच्या उघड्या मानेवर घालू नका. काटेरी हलवा दिसायला मोत्यासारखा असला तरी त्याचे काटे खरखरीत असतात आणि घामाने साखर चिकट होते. झबल्याच्या गळपट्टीवरून हार येईल असं बघा. मुकुट डोक्यावर टेकवण्याआधी आत मलमलची पट्टी शिवून घ्या. सगळे दागिने एकदम चढवण्यापेक्षा आधी हार, मग बाजूबंद, मग शेवटी मुकुट अशा क्रमाने चढवा आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो घ्या, कारण मुकुट बसला की बाळ तो काढणार हे ठरलेलं. दागिने दोऱ्यात आणि कधी तारेत ओवलेले असतात, म्हणून फोटो झाले की लगेच उतरवा. डोक्यावरून ओतताना चुरमुरेच ओता. बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, गोळ्या पाटाभोवती कडेने मांडा. आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात यातलं काहीही अडकू शकतं. मोठी मुलं वेचायला झेपावली की बाळाला उचलून घ्या. झेपावणाऱ्या मुलांचा फोटो बाळाशिवायही छानच येतो.

दोन्ही कार्यक्रम एकाच दिवशी उरकायचा मोह होईल, तसं करू नका. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण केव्हाही करता येतं. एका दिवसात बाळाचे दोनहून जास्त पोशाख बदलायचे नाहीत, असं मी येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते. बाळकृष्ण, मावळा, विठ्ठल असे तयार वेष भाड्याने मिळतात. घरातल्या कुणाची फार हौस असेल तर एक घ्या, धुऊन घ्या, शूटच्या अगदी शेवटी घाला आणि मिशा, दाढी, जड जिरेटोप यांना फाटा द्या.

आदल्या दिवशी दुपारी सगळ्यांचे कपडे खिडकीजवळच्या पलंगावर, ज्याच्या शेजारी जो बसणार आहे त्या क्रमाने पसरा. मध्ये बाळाचं झबलं ठेवा. दिवे बंद करून मोबाईलवर एक फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. बाळाचं झबलं शेजारच्या कपड्यांत मिसळून एकच करडा रंग झाला असेल तर त्या दोघांपैकी मोठ्या माणसाचा कपडा बदला, बाळाचा नको. झबलं वेगळं उठून दिसलं तर जमलं. तोच रंगीत फोटो फोटोग्राफरला पाठवून द्या, म्हणजे कुठल्या झाडापाशी, कुठल्या भिंतीपाशी बसवायचं, ते तो आधीच ठरवून येईल.